कॅसेटमधली मोकळी जागा

९ ऑक्टोबर

तोंडातली पत्ती काढून मी म्हटलं, ‘उशीर झाल्याबद्दल मी दिलगीर आहे,’ आणि थांबलो. दारातला माणूसही थांबला. त्याच्या हातात हजेरीचं पुस्तक, माझ्या हातात ओबोची पेटी. मनात चार मात्रा मोजून मी पुढचं वाक्य म्हटलं, ‘पुन्हा असं होणार नाही.’ पुन्हा चार मात्रा. ताई, त्याने पुस्तक मिटलं आणि उलट माझीच माफी मागितली. उशीर मला झालाच नव्हता. तालीम पुढे ढकलली होती आणि मला सांगायचं राहून गेलं होतं.

तुझी इंग्रजीची कॅसेट अशी कामाला येते आहे. दहाही धडे पाठ आहेत. तू जिथे श्वास घेतेस तिथे मी घेतो, जिथे आवाज खाली नेतेस तिथे नेतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर तू चार मात्रांची जी मोकळी जागा सोडली आहेस तीही सोडतो. विराम खाऊन वाजवणारा कच्चा, हे लहानपणापासून डोक्यात बसलं आहे. सहाव्या धड्यात ‘कृपया माझ्या अडचणीचा विचार व्हावा’ याच्या मागून बाबांचा खोकला आहे. तेवढा मी गाळतो.

इथे देशोदेशीचे वादक आहेत, म्हणून सगळा कारभार इंग्रजीत. लोक फार भरभर बोलतात. मला निम्मंही कळत नाही. मग मी पत्ती तोंडात धरून ठेवतो. ओबोची पत्ती बोरूची, वाजवण्याआधी भिजवावीच लागते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही, आणि पत्ती चोखत बसलेल्या माणसाशी कोणी गप्पा मारत नाही. दिवसभर भिजून पत्त्या मात्र मरायला लागल्या आहेत.

माझ्या डाव्या हाताला म्हातारा बसतो. तो दुसरा ओबो. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, कॅसेटशिवायचं. आम्ही पत्त्यांवरून बोलतो. मी माझी पत्ती देतो, तो नुसतीच फुंकून बघतो, तोंड वाकडं करतो, स्वतःच्या चाकूने टोकाला हलकं खरवडतो आणि परत देतो. काल त्याने चाकूच माझ्या पेटीत ठेवला. वापर, असं हाताने सांगितलं. बोरू खरवडणारा माणूस आपला चाकू दुसऱ्याला देत नाही, हे बाबांना सांग.

खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल, पत्ती भिजवायचा काचेचा पेला. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. प्रोबेशन मार्चअखेरपर्यंत. मग समिती ठरवील, ठेवायचं की घरी पाठवायचं. तालमीच्या सुरुवातीला सूर मी लावून देतो. अख्खा वाद्यवृंद माझ्या सुरावर जुळवून घेतो, आणि त्यातल्या एकाशीही मला धड बोलता येत नाही.

तुझा
ठोंब्या


२६ ऑक्टोबर

ठोंब्या,

अरे, ती मोकळी जागा तुम्ही मागून म्हणावं म्हणून सोडली होती. मी म्हणायचं, मग तुम्ही म्हणायचं. ती वाजवायची नव्हती. चार वर्षांचा होईपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस तेव्हा आई म्हणायची, ऐकतोय तो, बोलेल तेव्हा एकदम बोलेल. बोललास तो हा असा.

एजंटसाहेबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. अर्धंच. खूश झाले. तिकडे पाठवायच्या नव्या तुकडीपुढे तुझं नाव घेतात: ‘बाईंचा भाऊ बघा, एका कॅसेटवर परदेशात उभा राहिला.’ या तुकडीत नाचणाऱ्या दोन बहिणी आहेत, एक ट्रम्पेटवाला, एक चित्रकार आणि बाहुल्यांचे खेळ करणारा एक जण. बाहुली हातात असली की हा शेवटचा फाडफाड बोलतो. बाहुली खाली ठेवायला सांगितली की ततपप. चित्रकाराचं म्हणणं, मला बोलायची गरजच काय? मी म्हटलं, भिंत कुठली मिळणार ते विचारायला तरी.

खोली तीच. खालचा छापखाना सुरू झाला की मी आभार मानायला शिकवते ते ओरडून. बाबा मधल्या दारातून येऊन मागच्या खुर्चीवर बसतात. आतल्या खोलीत एकट्याने करमत नाही म्हणतात. सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणतात आणि सगळ्यांत उशिरा. पोरं हसतात. चाकूचं बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्याला लिही, सूर लावून देताना घाई करू नकोस.

मी दमले आहे रे. इतकी वर्षं तीच वाक्यं. माणसं येतात, शिकतात, बॅगा घेऊन जातात. उपयोग झाला की नाही हे परत येऊन कोणी सांगत नाही. सांगणारा तू पहिला, आणि तू विराम वाजवतोस.

एक कर. कोणी बोलायला आलं की पत्ती काढून खिशात ठेव. कळलं नाही तर तिसऱ्या धड्यात ‘पुन्हा सांगाल का’ आहे. ते म्हण. लाज वाटली तरी म्हण.

ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

आज मॅनेजरने खोलीत बोलावलं. तू सांगितलंस म्हणून पत्ती खिशात ठेवली.

तो बराच वेळ बोलला. खिडकीकडे तोंड करून बोलत होता, त्यामुळे ओठही दिसले नाहीत. म्हाताऱ्याचं नाव दोनदा आलं. ‘सूर’ हा शब्द आला, ‘हंगाम’ आला. मग तो माझ्याकडे वळला आणि थांबला. ते थांबणं मी ओळखलं. तिथे माझं वाक्य पडायला हवं होतं. ‘पुन्हा सांगाल का’ आठवलं गं, पण ते तू चढत्या सुरात संपवतेस, आणि त्याचं बोलणं खाली उतरून टेकलं होतं. त्याच्यापुढे ते बसेना. बसत होतं ते पाचव्या धड्यातलं: ‘तुमचं म्हणणं मला पूर्णपणे पटतं.’ मी ते म्हटलं. मग सवयीने चार मात्रा.

तो उठला, हात मिळवला, वहीत काहीतरी टिपलं आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

काय असेल? म्हाताऱ्याचं आणि माझं जुळतं का, असं विचारत असावा. जुळतं आहे हे खरंच आहे. बासून वाजवणारी बाई आमच्या मागच्या रांगेत बसते. ती परवा हळूहळू बोलून मला म्हणाली की इथे तू एकटाच विचार करून बोलतोस. मी आभार मानले आणि थांबलो. ती खो खो हसली. का, ते कळलं नाही.

पत्त्या फार लवकर बसताहेत. सुरुवातीचा सूर मी नव्या पत्तीवर देतो. दुसऱ्या भागात जुनीवर भागवावं लागतं. हवा कोरडी आहे, दुसरं काही नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे?

ठोंब्या


७ डिसेंबर

ठोंब्या,

चांगलंच काहीतरी असणार. मॅनेजर उठून दारापर्यंत येतो म्हणजे चांगलंच. आता खोदून विचारत बसू नकोस. प्रोबेशनवरचा माणूस जितकं कमी विचारतो तितका टिकतो, हे मी वर्गात नेहमी सांगते. हो म्हणालास ते बरं केलंस. मार्चपर्यंत असाच राहा.

तुझ्या कपाटात बोरूचे तुकडे सापडले, ते पाठवते आहे. नव्या पत्त्या कर.

इथे थंडी आहे. वर्ग सुरू आहे. थोरल्या नाचणारीचं जायचं ठरलं. बाबा बरे आहेत. मागच्या खुर्चीवर असतात.

ताई


१४ जानेवारी

ताई,

म्हाताऱ्याने चाकू परत मागितला. बोलला काहीच नाही. तालीम संपल्यावर नुसता हात पुढे केला. मी पेटी उघडून दिला. त्याने तो रुमालात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि ती बंद करून बघितली, लागली की नाही.

मी बासूनवालीला गाठलं. या वेळी ‘पुन्हा सांगाल का’ म्हणालो. पाच-सहा वेळा म्हणालो. ती पायरीवर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मॅनेजरने मला विचारलं होतं: म्हाताऱ्याचा सूर हल्ली उतरतो, दुसऱ्या भागात दोन्ही ओबो खाली येतात, तुम्ही शेजारी बसता, हा त्याचा शेवटचा हंगाम असावा असं तुम्हालाही वाटतं का? आणि मी म्हणालो की पूर्णपणे पटतं. वर थांबलो. आता सगळीकडे झालं आहे की पहिल्या ओबोने नीट विचार करून सांगितलं.

त्याचा सूर उतरत नाही, ताई. उतरतो माझा. दिवसभर तोंडात धरून धरून मी पत्त्या मारल्या. दुसऱ्या भागात मी खाली घसरतो, आणि मी एकटा उघडा पडू नये म्हणून म्हातारा माझ्यापाठोपाठ खाली येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा आहे, तोच ओढत असेल. हे माझ्या कानाला ऑक्टोबरपासून कळत होतं. मी हवेवर ढकलत होतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समिती बसेल. त्याच्यासमोर मला पुन्हा विचारतील. पटतं म्हणालो तर तो गेला. खरं काय ते सांगितलं तर मी.

कॅसेटमध्ये आभार आहेत, माफी आहे, होकार आहे, हरवलेली बॅग आहे, दाढदुखी आहे. नकार कुठे आहे? दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकल्या. असेल तर पाठव.

आणि एक विचारतो. माझं नोव्हेंबरचं पत्र वाचलंस तेव्हाच तुला कळलं होतं ना?

ठोंब्या


१ फेब्रुवारी

ठोंब्या,

हो, कळलं होतं. म्हातारा, सूर, हंगाम आणि मॅनेजर खिडकीकडे तोंड करून बोलतो. याच्यात न कळण्यासारखं काय आहे? मी हा धंदा आयुष्यभर केला आहे.

नकाराचा धडा होता. अकरावा. सुरुवातीला शिकवायचे. एजंटसाहेब एकदा मागे उभं राहून ऐकत होते. वर्ग सुटल्यावर म्हणाले, ‘बाई, माझी माणसं तिकडे जाऊन नाही म्हणायला लागली तर मला कोण विचारणार? तेवढा धडा काढून टाका.’ काढला. काढताना काही फार तुटलं असंही नाही. दहा वाक्यं कमी ओरडायची, एवढंच वाटलं. नंतर मुलांची पत्रं यायची, थोडी यायची, त्यात असायचं की दोन खेळांचं ठरलं होतं आणि चार करून घेतात, खोलीत आठ जण झोपवतात. मी उत्तरात लिहायचे, जपून राहा.

तू नाही म्हणू नयेस असं मला वाटतं. हे मी मोठी बहीण म्हणून लिहिते आहे, मास्तरीण म्हणून नाही. म्हाताऱ्याचं वय झालं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी त्याला उठवतीलच. तू परत येऊन काय करणार? इथे ओबो म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे काय? छापखान्यात प्रुफं तपासशील. तेही तुला जमायचं नाही, तू शब्द बघत नाहीस, ऐकतोस.

हे सगळं लिहून झालं आणि पुन्हा वाचलं. पटलं नाही. म्हणून आज दुपारी वर्ग रिकामा असताना अकरावा धडा भरला. कॅसेट सोबत आहे.

नाही म्हणताना कारण जोडू नकोस. कारण दिलंस की समोरचा ते दूर करतो आणि तुझं ‘नाही’ तेवढं उघडं उरतं. शेवटचा शब्द खाली आण आणि तिथेच सोड. चढवलास तर तो समोरच्याला विचारल्यासारखा होतो. आणि हसू नकोस, तुला घाबरल्यावर हसायची सवय आहे.

याही धड्यात मोकळी जागा ठेवली आहे. ही मात्र मागून म्हणायला नाही. नाही म्हटल्यावर गप्प राहायचं असतं. बहुतेकांना ते सोसत नाही, लगेच काहीतरी गोड बोलून भरून टाकतात. ही जागा वाजव. ती तुला येते.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

कॅसेट मिळाली. तीन दिवस ऐकतो आहे. धडा चांगला आहे.

बाबा कुठे आहेत?

कॅसेटवर छापखाना आहे. जिन्यावरून कोणीतरी चढलं तेही आहे. मागच्या खुर्चीची करकर नाही, खोकला नाही. दुपारची वेळ होती, वर्ग रिकामा होता, हे मान्य. पण ते मधल्या दाराआड असते तरी थोडे ऐकू आले असते. आधीच्या कॅसेटवर त्या दाराच्या फटीतून वारा येतो, तो मला ठाऊक आहे. या वेळी वारा नाही. दार घट्ट लावून घेतलं आहेस, आणि फटीत कापड कोंबलं आहेस.

शिवाय तू प्रत्येक वाक्य जरासं आधी सुरू करतेस. कान दुसरीकडे असला, आतून कोणी हाक मारील असं वाटत असलं, की माणूस असा वाजवतो.

डिसेंबरच्या पत्रात ‘बरे आहेत’ एवढंच होतं, त्यांच्या तोंडची एक ओळही नव्हती. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ठोंब्या


२४ फेब्रुवारी

ठोंब्या,

जुना टॉवेल कोंबला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी बाबांची छाती भरली. न्युमोनिया. हॉस्पिटलात होते, मग घरी आणलं. आता आतल्या खोलीत झोपून असतात. ताप गेला, खोकला राहिला, आणि चार पावलं टाकली की धाप लागते. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. मी सकाळी वर्ग घेते, मधे उठून आत जाते, पुन्हा बाहेर येते. मुलांना एकच वाक्य दोनदा शिकवते कधी कधी. ती बिचारी काही बोलत नाहीत.

तुला लिहिलं असतं तर तू प्रोबेशन टाकून आला असतास. म्हणून ‘मागच्या खुर्चीवर असतात’ असं लिहिलं. खुर्ची आहे, तीच आहे, रिकामी आहे. तुला अकरावा धडा भरून पाठवला आणि मला स्वतःला ‘बाबांना बरं नाही’ एवढी तीन शब्दांची ओळ जमली नाही.

आता विचारलंस म्हणून सांगितलं. येऊ नकोस. समितीपुढे जा. काय म्हणायचं ते तू ठरव, मी आता त्यात नाही.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. फटीतल्या कापडापाशी ते हसले आणि त्यांना ठसका लागला. म्हणाले, कानाने तो माझ्यावर गेला.

ताई


२० मार्च

ताई,

झालं ते असं.

लांब टेबल होतं. पलीकडे समिती, कोपऱ्यात मॅनेजर. अलीकडे दोन खुर्च्या, एकीवर म्हातारा. त्याने कोट घातला होता. पेटी मांडीवर घेऊन बसला होता, जसा काही वाजवायलाच बोलावलं आहे. बासूनवाली वादकांच्या वतीने समितीत असते, ती टेबलाच्या टोकाला होती.

मॅनेजरने वहीतलं वाचलं आणि विचारलं, तुमचं मत तेच आहे ना? सगळे शब्द कळले. इतके दिवस मी त्याच शब्दांची वाट बघत होतो.

मी म्हटलं, ‘नाही.’ खाली आणून सोडलं. मग गप्प राहिलो.

चार मात्रा संपल्या. कोणी काही बोलेना. मी आणखी थांबलो. मॅनेजरने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. ताई, ती जागा भरून टाकावी असं इतकं वाटत होतं की जीभ टाळूला दाबून धरली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘मग नोव्हेंबरमध्ये तुम्ही हो का म्हणालात?’

हे तुझ्या कॅसेटवर नव्हतं. कुठल्याच धड्यात नव्हतं. कारण देऊ नकोस म्हणालीस, पण कारण दिल्याशिवाय म्हातारा सुटत नव्हता. मग मी माझं मीच बोललो. श्वास चुकीच्या जागी घेतला, शब्द सापडेल तसे ठेवले. म्हटलं, तेव्हा मला कळलं नव्हतं. आणि खाली येतो तो मी. हा माझ्या मागून येतो, मी एकटा पडू नये म्हणून.

मग खिशातून दोन पत्त्या काढून टेबलावर ठेवल्या, एक मेलेली, एक तुझ्या बोरूची. दोन्ही फुंकून दाखवल्या. समितीत अर्धे वाजवणारेच आहेत. त्यांना पुढे सांगावं लागलं नाही.

बासूनवाली नंतर म्हणाली, वाक्यात चुका होत्या. मी विचारलं, किती? म्हणाली, मोजल्या नाहीत, पहिल्यांदाच तू कोणा बाईसारखा बोलला नाहीस.

काल कागद मिळाला. म्हाताऱ्याला अजून दोन हंगाम. माझं प्रोबेशन पुढे चालवणार नाहीत. मॅनेजर वाईट बोलला नाही. दोन भागांचा कार्यक्रम एका सुरात न धरणारा पहिला ओबो आम्हाला परवडत नाही, म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

म्हाताऱ्याने आभारबिभार मानले नाहीत. आज तालमीआधी माझी पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली, एकेक पत्ती फुंकली आणि एकेक टाकून दिली. तीन ठेवल्या. चाकू दिला नाही. मीही मागितला नाही.

महिनाअखेरीचा कार्यक्रम वाजवून निघतो. प्रुफं मला जमणार नाहीत हे खरं आहे. दुसरं काही सुचलं तर बघ. बाबांना कोणी उठवायला लागत असेल तर तेवढं येतं मला.

ठोंब्या


२९ मार्च

ठोंब्या,

हे तुला तिथे मिळतं की तू आधीच निघालेला असतोस, माहीत नाही.

तुझं पत्र आलं, वाचलं. राग आला. कोणाचा ते नीट ठरेना. संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी विचारलं, ‘त्याने कुठल्या तीन ठेवल्या?’ मला काय माहीत? येशील तेव्हा त्यांना दाखव.

आज एजंटसाहेब आले. तिकडून त्यांना फोन गेला होता. छत्री दाराला टेकवली आणि उभ्याउभ्याच सुरू झाले.

‘बाई, तुमच्या भावाने माझं नाक कापलं.’

मी म्हटलं, ‘बसा.’

‘बसायला नाही आलो. ज्याला हो म्हणायला पाठवला तो समितीसमोर नाही म्हणून आला. वर स्वतःच्या तोंडाने स्वतःला कच्चा म्हणवून घेतलं. असा शहाणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. हे शिकवलं कोणी?’

‘मी. कॅसेट भरून पाठवली.’

ते बसले. टेपरेकॉर्डरकडे बघितलं. मग आवाज मऊ केला. म्हणाले, ‘तुमचं घर या वर्गावर चालतं. वडील आजारी आहेत. मी काही वाईट माणूस नाही. ती कॅसेट इथल्या पोरांच्या कानावर जाणार नाही एवढं सांगा, की विषय मिटला.’

ते माझ्याशी कधी इंग्रजी बोलत नाहीत, मीही त्यांच्याशी बोलत नाही. आज मी बोलले. अकराव्या धड्यातलं पहिलंच वाक्य, सबंध, शेवटचा शब्द खाली. आणि थांबले. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते. खाली छापखाना बंद होता. इतकी वर्षं ही जागा मी दुसऱ्यांसाठी सोडत आले, स्वतः तिच्यात कधी उभी राहिले नव्हते. फार लांब असते रे ती. तू ती रोज कशी वाजवलीस?

त्यांनी छत्री उचलली. जिन्यातून म्हणाले, ‘पुढची तुकडी पाठवीन की नाही, सांगता येत नाही.’ त्यांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून मी दिवा लावला.

पाकीट उद्या बंद करते. आता हात चालत नाही.

३० मार्च, सकाळ

वर्ग भरला. बाहुलीवाला, धाकटी नाचणारी आणि ट्रम्पेटवाला आले. चित्रकार आला नाही. मी कोरी कॅसेट घालून टेप भरायला लावली आणि अकरावा धडा घेतला. तिसऱ्या वाक्याला मधलं दार उघडलं. बाबा भिंतीला धरून मागच्या खुर्चीपर्यंत आले आणि बसले. वाक्य संपल्यावर मोकळ्या जागेत त्यांना खोकला आला. टेप थांबवली नाही.